शाळा सुटली, आता याचं काय करू? (वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं)

मे महिना लागला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो. एरवी लिहिता येत नाही, हट्ट करतो, रात्री झोपत नाही असले प्रश्न असतात, मे मध्ये मात्र एकच, मुलगा किंवा मुलगी १८ ची झाली, विशेष शाळेनं दाखला दिला, आता पुढे काय. म्हणून यावेळी बहुतेक जागा याच पत्रांना दिली. नावं छापत नाही, गावाचंही नाही, जिल्हा तेवढा ठेवलाय.

प्रश्न : मॅडम नमस्कार. माझा मुलगा बौद्धिक दिव्यांग आहे, सर्टिफिकेटवर ६५ टक्के. तालुक्याच्या विशेष शाळेत १० वर्षं होता, होस्टेलवरच राहायचा. दिवाळीत त्याला १८ पूर्ण होतात आणि सरांनी सांगितलं की पुढे नाव ठेवता येणार नाही. शाळेत तो मेणबत्त्या करायला, पणत्या रंगवायला, कागदी फुलं बनवायला शिकला, बक्षीस पण मिळालं. पण घरी आला की नुसता खाटेवर बसून राहते, मोबाईल पाहते. आमची ४ एकर कोरडवाहू आहे, मी आणि याचे बाबा दोघंही वावरात जातो. एकट्याला घरी ठेवायची भीती वाटते आणि सोबत न्यायची पण भीती वाटते कारण त्याला कधीमधी फिट येते. काय करू, काही सुचत नाही.
(एक आई, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : माय, मेणबत्तीवरून सुरू करते कारण ती मीही विशेष शाळेत शिकवलीय, बारा तेरा वर्षं तरी, आणि मला तिचा आता थोडा राग येतो. शाळांना ती का आवडते माहितीये, साचा असतो, मेण ओतलं की काहीतरी सुंदर निघतं, दिवाळीच्या प्रदर्शनात पाहुणे येतात, एकेकजण दोन पाकिटं घेतो आणि फोटो निघतो. पण तुमच्या गावात महिन्याला किती मेणबत्त्या खपतात हो? लाईट गेली तर लोक मोबाईलचा टॉर्च लावतात. मेण आणायचं कुठून, विकायचं कुणाला, याचा विचार आम्ही शाळेतल्यांनी करायला हवा होता, तो केला नाही, त्याचं ओझं आता तुमच्या घरी आलंय.

तरी ती १० वर्षं वाया गेली असं समजू नका. मेणबत्ती करताना तो दोन तास एका जागी बसायला शिकला, मेण थंड होईस्तोवर हात न लावता थांबायला शिकला, एक काम संपवून मग दुसरं घ्यायचं हे शिकला. हे तीन गुण असलेला माणूस वावरात चालतो.

१८ चा आकडा कुठून आला तेही सांगते, म्हणजे सरांवर राग राहणार नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, विशेष शाळांची मांडणीही त्याच वयापर्यंत असते. त्याच्या पुढच्यांसाठी कर्मशाळा, म्हणजे मोठ्या दिव्यांगांना काम शिकवणाऱ्या संस्था असतात, पण त्या बहुतेक जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मोठ्या गावात, जागा थोड्या. जिल्हा परिषदेत दिव्यांगांचं काम पाहणाऱ्या विभागात जाऊन अर्ज देऊन ठेवा, पण त्याच्या भरवशावर पोराला खाटेवर बसवून ठेवू नका. आपल्या अचलपूर तालुक्यातले वझ्झरचे शंकरबाबा पापळकर, ज्यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली, ते तर कधीपासून हेच बोलून राहिले की १८ झालं म्हणून बेवारस दिव्यांग लेकरांना संस्थेतून काढायचं हा नियमच बदला. तुमच्या पोराला घर आहे, शेत आहे. तिथूनच धरू.

कपाशीची वेचणी. आमच्या शाळेमागच्या वावरात मालकाची परवानगी काढून आम्ही एका वर्षी मोठ्या मुलांना नेलं. पहिल्या दिवशी काय झालं तर पोरांनी फुटलेली, न फुटलेली, हिरवीगार, सगळीच बोंडं ओरबाडली, मालक धुऱ्यावर डोक्याला हात लावून बसला आणि आम्ही तोंड लपवत परत आलो. चूक आमची, आम्ही सांगितलं होतं 'कापूस वेचा', पण कापूस म्हणजे नेमकं काय हे दाखवलं नव्हतं. मग दोन टोपल्या वर्गात आणल्या, एकीत फुटलेली बोंडं, दुसरीत हिरवी, आणि आठवडाभर रोज अर्धा तास नुसतं वेगळं करायचं. नंतर फुटलेल्या बोंडातून कापूस ओढायचा पण पाला येऊ द्यायचा नाही, हे बसल्या जागी. मग कवडी, म्हणजे खराब कापूस, वेगळी काढायची. आणि मगच वावरात, तेही एका तासातली, म्हणजे ओळीतली, दहाच झाडं, पहिल्या आणि शेवटच्या झाडाला लाल फडकं बांधून, म्हणजे कुठून कुठवर ते दिसतं. ओटी, म्हणजे कापूस टाकायची झोळी, कमरेला बांधायला एका पोराला तीन आठवडे लागले, गाठच जमेना, शेवटी आम्ही गाठ काढून टाकली आणि चिकटपट्टी शिवून दिली. काम सोपं करण्यात कमीपणा काही नाही.

संध्याकाळी काट्यावर वजन करायचं, त्याच्यासमोर, आणि जे काही होतील ते पैसे त्याच दिवशी त्याच्याच हातात. महिन्याचा हिशोब त्याला समजत नाही, आजचा समजतो. आमचा एक पोट्टा पहिल्या दिवशी दीड किलोवर होता, हंगाम संपताना अकरा. बाया दिवसाला त्याच्या कितीतरी पट वेचतात हे मला माहीत आहे, पण घरी खाटेवर तो शून्य किलो वेचत होता.

आता फिटचं. गोळी एकही दिवस चुकवायची नाही, वावरात जायच्या दिवशी तर नाहीच, आणि डॉक्टरला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. विहीर, शेततळं, चूल, बैलगाडीची कड, यांच्यापासून लांबचं काम. सोबत त्याच ओळीत घरचं कोणीतरी. ऊन चढायच्या आत परत, सुरुवातीला दोन तास पुरे. आणि फवारणी कधीच नाही, पंप धुवायला पण नाही, डबे उचलायला पण नाही. २०१७ ला आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर गेले, ती धडधाकट, शहाणीसुरती माणसं होती. ज्याला डोळे जळजळतात हे धड सांगता येत नाही त्याला त्या हवेत उभं करायचं नाही.

वेचणी दोन तीन महिनेच चालते हे खरंय. म्हणून बाकीच्या वर्षासाठी एक वही करा आणि सकाळी उठल्यापासून तुम्ही त्याच्यासाठी काय काय करता ते सगळं लिहून काढा, आंघोळीचं पाणी, शर्टाचं बटण, ताटात वाढणं, चप्पल सरळ करून ठेवणं. बहुतेक आयांची यादी तीस पस्तीसच्या खाली येत नाही. त्यातलं एक काम दर पंधरा दिवसांनी तुमच्या हातातून काढून त्याच्या हातात द्या. हळू होईल, सांडेल, तुम्हाला वावरात जायला उशीर होईल, चिडचिड होईल. बकऱ्यांना पाणी दाखवणं, शेण उचलणं, अंगण झाडणं, तुरीच्या शेंगा सोलणं, ही कामं रोजची आहेत आणि कुणाला तरी ती करावीच लागतात, मेणबत्तीसारखं गिऱ्हाईक शोधावं लागत नाही.

कागदपत्रं दिवाळीच्या आधीच धरा. बौद्धिक अक्षमतेचं सर्टिफिकेट लहानपणी दिलेलं असतं ते मुदतीचं असतं, १८ झाल्यावर परत तपासणी होऊन जे मिळतं ते कायमचं, त्यामुळे सिव्हिलला पुन्हा जावंच लागणार. जुनं सर्टिफिकेट, दिव्यांगाचं युडीआयडी ओळखपत्र, आधार सगळं सोबत. आधारचे अंगठे आणि डोळे १५ व्या वर्षानंतर अपडेट केले नसतील तर ते पहिले करा, नाहीतर पुढे सगळीकडे अडतं. मग तहसीलमध्ये संजय गांधी निराधारचा अर्ज, आपल्याकडे निराधारचा पगार म्हणतात तो. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उभं राहून विचारा की या वर्षीचे कशावर केले. छोट्या गावात ती रक्कम किरकोळ असते, पण विचारलं की सचिवाला तुमच्या पोराचं नाव पाठ होतं, तो फायदा जास्त.

प्रश्न : ताई, मुलगा २० वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी आणि बुद्धीनं पण कमी. त्याच्या नावावर आजोबांनी थोडी संत्र्याची बाग ठेवली आहे आणि खातं काढायला गेलो तर बँकेत म्हणाले तो सज्ञान आहे, त्याला सही करता येत नाही, तुम्ही बाप असले तरी चालत नाही. बाप कसा चालत नाही? चार चकरा झाल्या.
(एक वडील, अमरावती जिल्हा)

उत्तर : भाऊ, राग बरोबर आहे पण बँकवाला अर्धा खरा बोलला. १८ पर्यंत तुम्ही आपोआप पालक, त्यानंतर कायद्याच्या नजरेत तो स्वतःचा मालक, आणि बापाला पण कागद लागतो. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा आहे, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चौघांसाठी. त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तर समिती असते, ती १८ च्या वरच्यांसाठी कायदेशीर पालक नेमते. कोर्टात जायची, वकील लावायची गरज नाही. अर्ज आई वडील दोघांनी मिळून करा. बँकेचा अर्धा खोटेपणा असा की या समितीचं पालकत्व प्रमाणपत्र खात्यासाठी चालतं हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना फार पूर्वीच कळवलेलं आहे, हे त्यांनी तुम्हाला पहिल्याच चकरेत सांगायला पाहिजे होतं.

पण एक ऐका. पालक झालात म्हणजे बाग तुमची झाली नाही. नेमणूक झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत त्याच्या मालमत्तेची यादी समितीला द्यावी लागते आणि पुढे दरवर्षी, आर्थिक वर्ष संपल्यावर ३ महिन्यांत हिशोब. बागेचा पैसा आला कुठून गेला कुठं याची वही आजपासूनच वेगळी ठेवा. भाऊबंदकी काय असते हे संत्र्याच्या पट्ट्यातल्या माणसाला मी काय सांगू.

आणि समिती हेही पाहते की पालक खरंच लागतो का आणि कशासाठी लागतो. पैशाच्या व्यवहारासाठी पालक म्हणजे त्यानं कोणता शर्ट घालायचा हे पण तुम्हीच ठरवायचं असं नाही. त्याच न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंत, फिजिओथेरपी वगैरे पण त्यात येते, पालकत्वाच्या कामाला लागलाच आहात तर तिचाही फॉर्म भरून टाका. दरवर्षी नूतनीकरण विसरू नका, लोक तिथंच विसरतात.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, मतिमंद. पाळी आली की कपडे खराब करते, कुठंही बसते. नणंद म्हणते पिशवी काढून टाका, पुढची पण काळजी मिटेल. नवरा पण हो म्हणून राहिला. तुम्ही सांगा.
(वर्धा जिल्हा)

उत्तर : नको. वहिनी, हे उत्तर मी नणंदेला आणि भाऊजींना वाचून दाखवता येईल असं लिहिते.

पुढची काळजी म्हणजे कुणी हात लावेल ही काळजी ना, तर पिशवी काढल्यानं हात लावणारा थांबत नाही, उलट झालेलं उघडकीस यायचा एक मार्ग बंद होतो. १९९४ ला शिरूरच्या सरकारी वसतिगृहातल्या बौद्धिक दिव्यांग मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली तेव्हा राज्यभर वादळ उठलं होतं, त्याला तीस वर्षं होऊन गेली तरी गावागावात हा सल्ला अजून फिरतोच. आता २०१६ च्या कायद्यात साफ लिहिलंय की दिव्यांग व्यक्तीवर तिच्या स्वतःच्या समजून उमजून दिलेल्या संमतीशिवाय मूल होणं बंद करणारी कोणतीही वैद्यकीय प्रक्रिया करता येत नाही. तुमची किंवा नवऱ्याची संमती म्हणजे तिची नाही.

आता कपड्यांचं, कारण खरा त्रास तो आहे. पाळी नसलेल्या दिवसात शिकवा, पाळीच्या दिवसात नाही, तेव्हा तिला पण दुखत असतं आणि तुम्हाला पण घाई असते. दोन तीन निकरवर आतून मार्करनं पॅडची बाह्यरेषा काढा, तिला त्या रेषेवर पॅड बसवायचं एवढंच. आठवड्यातून दोनदा सराव. मग पॅडवर कुंकवाचं पाणी टाकून दाखवा, असं झालं की बदलायचं. जुनं पॅड कागदात, कागद डब्यात. बदलायची वेळ घड्याळावर नको, जेवण झाल्यावर, झोपायच्या आधी, अशी रोजच्या गोष्टींना बांधा. आमच्या शाळेत ज्या मुलींना हे जमायला वर्ष लागलं त्यांनाही जमलं.

आणि दार लावून. हे पॅडइतकंच महत्त्वाचं आहे बरं का. कपडे बदलताना दार लावायचं, आत फक्त आई किंवा आजी, बाकी कुणी आलं तर ओरडायचं, काका असला तरी, मास्तर असला तरी. आपण या लेकरांना जन्मभर 'ऐक, ऐक' शिकवतो, 'नाही' म्हणायला शिकवतच नाही.

प्रश्न : मी विशेष शिक्षक, नोकरीला ३ वर्षं झाली. १५ ते १८ चा प्री-व्होकेशनल, म्हणजे कामधंद्याच्या तयारीचा, गट माझ्याकडे आहे. मुख्याध्यापक म्हणतात प्रदर्शनात दिसेल असं काहीतरी करा. मला वाटतं मुलांना बाहेर न्यावं, बाजार, बस, बँक. पण जबाबदारी कोण घेईल म्हणतात. काय करू?
(गोंदिया जिल्हा)

उत्तर : सर, मुलाला काय काय येतं ते तपासायची एफएसीपीची चेकलिस्ट तुमच्या कपाटात असेलच, सिकंदराबादच्या बौद्धिक दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेनं केलेली. तिचा प्री-व्होकेशनलचा भाग काढून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवा आणि विचारा की यातलं किती वर्गाच्या चार भिंतीत तपासता येतं. भांडू नका, नुसतं विचारा. मग प्रत्येकाच्या आयईपीत, म्हणजे त्याच्या स्वतःच्या शिक्षण आराखड्यात, बाहेरचं एकच ध्येय लिहा आणि पालकांची सही घ्या, जबाबदारीचा प्रश्न बराचसा तिथंच सुटतो.

एक किस्सा सांगते, आमच्या चुकीचा. आम्ही एका मुलाला त्याच्या गावाहून शाळेपर्यंत एसटीनं एकट्यानं यायला शिकवत होतो, १४ किलोमीटर. पहिला आठवडा मी शेजारी बसले, दुसरा मागच्या सीटवर, तिसऱ्यात सर गाडीनं बसच्या मागे. एकविसाव्या दिवशी एकटा सोडला आणि नेमका पोळा जवळ आलेला, गावात बैलांचा बाजार, ड्रायव्हरनं बस बायपासनं काढली. त्याचा पिंपळ आलाच नाही. तो पिंपळ पाहून उतरायला शिकला होता ना, स्टॉपचं नाव कुणी शिकवलंच नव्हतं. पार शेवटच्या स्टॉपवर गेला आणि पानठेल्यासमोर बसून राहिला. खिशात कार्ड होतं, पानठेलेवाल्यानं फोन केला, तास दीड तास आमचा जीव टांगणीला. त्याची आई म्हणाली आता बस बंद. आम्ही पण जवळजवळ हो म्हणालो होतो, तर पोरगाच दुसऱ्या दिवशी दप्तर घेऊन स्टॉपवर उभा.

तेव्हापासून आम्ही चूक झाली तर काय करायचं हे आधी शिकवतो, बरोबर कसं करायचं ते नंतर. हरवलो तर जागेवर थांबायचं, दुकानात जायचं, कार्ड दाखवायचं. कंडक्टरला पोराची ओळख करून द्यायची. पैसे शिकवताना खऱ्याच नोटा, खेळातल्या नकोत, पुठ्ठ्यावर नोटेची झेरॉक्स आणि खाली बिस्किटाच्या पुड्याचं रॅपर चिकटवायचं, तो नोट जुळवतो आणि देतो, बेरीज वजाबाकी येत नसली तरी खरेदी येते. आठवडी बाजारात एकच भाजीवाली ठरवा, तिला आधी जाऊन भेटा, आणि दर आठवड्याला तिच्याकडेच.

आणि प्रदर्शनाचं म्हणाल तर एक टेबल मुख्याध्यापकांना द्या हो, पणत्या ठेवू द्या. लढाया निवडून लढायच्या असतात. तुमच्याकडे पळस आहे, पत्रावळी द्रोणाचं मशीन कुणाकडे आहे का पाहा, लग्नसराईत ते खपतात.

प्रश्न : मुलीला एसटीत बायांची अर्ध्या तिकिटाची सवलत आहेच, मग दिव्यांगाचं कार्ड काढून वेगळा फायदा काय? (बुलडाणा जिल्हा)

उत्तर : बायांची ५० टक्के, दिव्यांगांची ७५. आणि ६५ टक्क्यांच्या वर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्याला अर्धं तिकीट, म्हणजे सोबत आई असेल तर तिला तसंही अर्धंच आहे, बाबा गेले तरच फरक पडतो. पाठवा बाबांना.

प्रश्न : धाकटा भाऊ बौद्धिक दिव्यांग, १९ वर्षांचा. मतदार यादीत नाव घालावं का? घरचे म्हणतात त्याला काय समजते, नंतर कुणी भलतंच बटण दाबायला लावतील. (चंद्रपूर जिल्हा)

उत्तर : घाला. कोर्टानं मनोविकल जाहीर केलेल्या माणसाचंच नाव वगळता येतं, डॉक्टरच्या सर्टिफिकेटवरून नाही, गावच्या मतावरून तर नाहीच. नमुना ६ भरून गावात मतदार यादीचं काम पाहणाऱ्या बीएलओकडे द्या, आता १ जानेवारीची वाट पाहायची गरज नाही, १८ पूर्ण झाले का ते मोजायच्या वर्षातून चार तारखा असतात.

बटण कुणी दाबायला लावेल ही भीती धडधाकट माणसांच्या बाबतीत पण असते, आपण बोलत नाही एवढंच. त्याला टीव्हीवरची चिन्हं ओळखता येतात का पाहा, बहुतेकांना येतात. कागदावर चिन्हं काढून सराव करा, एकच बोट, एकदाच दाबायचं, मग लांब बीप वाजते तोवर थांबायचं. विधानसभा लोकसभेला शेजारच्या मशीनमध्ये चिठ्ठी ७ सेकंद दिसते, तिकडे पाहायचं. आदल्या दिवशी त्या शाळेत नेऊन खोलीचं दार दाखवून आणा, म्हणजे गर्दीत घाबरणार नाही. आणि बाहेर आल्यावर कुणाला दिलं म्हणून विचारू नका, त्यानं स्वतःहून ओरडून सांगितलं तर इलाज नाही. आमच्या एकानं चौकात सांगितलं होतं.